कड्यांचा खांब

९ मार्च

ताई येतेय! हो म्हणाली एकदाची. इतके दिवस नन्नाचा पाढा लावला होता — "तिथे काय बघायचंय? चार पडकी घरं." म्हटलं, पडकी नाहीत गं, रंगवलीत आता, तिकीट लावलंय. "मग तर नाहीच!" आणि आज अचानक तिचाच फोन. "येते. तू एकटी गेलीस तर काहीतरी करून बसशील."

माझ्या सख्ख्या बहिणीचं माझ्याबद्दल हे मत! एकसष्टाव्या वर्षी!

बाबांनी तरुणपणी काही वर्षं त्या वसाहतीत काम केलं, एवढंच मला माहीत. गोऱ्यांची वसाहत — बँक, क्लब, कोर्ट, चर्च, सगळं त्यांनी त्यांच्यासाठी बांधलेलं. ते गेले आणि सगळ्याला कुलूप लागलं. मग कसली तरी गोदामं झाली. आता म्हणे सगळं होतं तसं करून लोकांना दाखवतात, राहायलाही देतात. बाबा तिथलं कधी बोलले नाहीत. विचारलं की म्हणायचे, "झाडलोट करायचो." विषय संपला.

ड्रायव्हिंग स्कूल आठवडाभर बंद ठेवतेय म्हणून क्लासच्या मुलींना सांगितलं. एकजण रडवेली झाली — "मॅडम, माझं रिव्हर्स राहिलंय अजून!" म्हटलं, माझंही राहिलंय, तेच शिकायला चाललेय.

११ मार्च

पोहोचलो. खोली छान आहे, नाही कशाला म्हणू. उंच छत, ऐसपैस पलंग, बाहेर लांबलचक व्हरांडा आणि त्यात आरामखुर्च्या. दारावर पितळी पाटी — 'कारकुनाचे घर'. त्यांचा साधा कारकून असा राहायचा! आणि आपले वडील?

संध्याकाळी चक्कर मारली. मधला रस्ता रुंद आणि सरळसोट, दोन्हीकडे जुनी झाडं. सगळ्या बंगल्यांची तोंडं रस्त्याकडे — पायऱ्या, खांब, कमानी. आणि बंगल्यांच्या पाठीमागून एक गल्ली. समोरून कोणी आलं तर एकाने भिंतीला चिकटून उभं राहायचं, इतकी चिंचोळी. तिथे फलक लावलाय — 'सेवकांच्या सोयीसाठी'. सोय! मधल्या रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही, ही सोय!

मी मुद्दाम रस्त्याच्या मधोमध चालले. ताई कडेकडेने.

"मध्ये ये की."

"गाडी आली तर?"

"इथे गाड्यांना बंदी आहे, ताई."

तरी कडेनेच.

१२ मार्च, दुपार

अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

सकाळी सगळ्यांबरोबर वसाहत बघायला निघालो. माहिती सांगायला एक तरतरीत गृहस्थ — मिटलेली छत्री झेंड्यासारखी उंच धरून पुढे चालणारा. छत्रीवाला. गोड बोलतो. साहेब सकाळी किती वाजता घोड्यावर बसायचे, मडमा कुठला चहा प्यायच्या, पियानो कुठून आणला, सगळं तोंडपाठ. क्लबात म्हणाला, "काय दिमाख होता बघा!" मी विचारलं, पंखा कोण ओढायचं? "हो, असायची माणसं," म्हणाला आणि छत्री उचलून पुढे.

दफनभूमीत मात्र माझी फजिती झाली. छोट्या छोट्या थडग्यांची एक ओळच आहे. सगळी पोरं. कोणी तापाने गेलेलं, कोणी जन्मतःच. एकीच्या आईने दगडावर बाहुली कोरून घेतलीय. मला भडभडून आलं! चिडले स्वतःवर. ह्यांच्यासाठी रडायचं? पण पोर ते पोर. तिने कुठे कोणाचं काय घेतलं होतं? ताईने न बोलता रुमाल दिला.

मग कोर्ट. कोर्टाच्या मागे फरसबंद अंगण आणि मधोमध एक जाड लाकडी खांब. माणसाच्या डोक्याहून थोडं वर दोन लोखंडी कड्या.

"इथे फटके देत," छत्रीवाला म्हणाला. "त्या काळी शिस्त होती! आता कोण कोणाचं ऐकतंय?" लोक हसले. "चला, फोटो कोणाकोणाला हवाय? हात कडीत घाला आणि तोंड असं करा!" रांग लागली की! एका नव्या नवऱ्याने हात अडकवले, बायकोने पर्स उगारून मारल्याचा आव आणला, तो ओय ओय ओरडला. सगळे खो खो हसले. खोटं कशाला लिहू — मीही हसले.

तेवढ्यात छत्रीवाल्याने ताईच्या कोपराला हात लावला. "या आजी! तुमचाही काढू!"

ताईने हात असा हिसडला की त्याची छत्री पडली. माझी ताई! जिने आयुष्यात रिक्षावाल्याशीसुद्धा आवाज चढवला नाही! चेहरा पांढराफटक. वळली आणि चालायला लागली. मी मागे धावले. कोर्टाच्या पायरीवर बसली पर्स छातीशी धरून.

"चक्कर आली का? पाणी देऊ?"

"बाबांना बांधलं होतं तिथे."

मला कळेना ती काय म्हणतेय.

"त्या कड्यांना. एकोणीस वर्षांचे होते. सगळ्या नोकरांना उभं करून, सगळ्यांच्या देखत."

१२ मार्च, संध्याकाळ

बाबांची पाठ मी कधीच पाहिली नाही. आज लक्षात आलं! उन्हाळ्यात घामाने निथळायचे, पण सदरा काढायचे नाहीत. आम्हाला नदीत पोहायला शिकवलं तेही सदरा घालून. मी विचारायची, तर म्हणायचे, "मला ऊन बाधतं." दवाखान्यात शेवटच्या दिवसांत अंग पुसायला नर्स आली तर हात झटकायचे. फक्त ताईने पुसायचं. मला त्या वेळी रागच आला होता — थोरली लाडकी म्हणून! ताई म्हणते, दंडापासून कमरेपर्यंत वळ होते, दोरखंड चिकटवल्यासारखे.

"मला का नाही सांगितलंत कोणी?"

"तू लहान होतीस."

"मी एकसष्ट वर्षांची आहे!"

"आईने मला सांगितलं तेव्हा लहान होतीस. मग राहूनच गेलं. आणि तुला सांगून काय झालं असतं? आकाशपाताळ एक केलं असतंस."

केलं असतंच! आणि का करू नये?

"काय गुन्हा होता त्यांचा?"

"आता नको," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

मी त्या खांबाकडे बघून हसले होते. हे डोक्यातून जात नाहीय. आणि उद्या पुन्हा तिकिटं फाटणार, पुन्हा रांग, पुन्हा ओय ओय. नाही. उद्या नाही.

१३ मार्च

बसले!

वसाहत उघडायच्या वेळेला व्हरांड्यातली आरामखुर्ची उचलली आणि फरफटत कोर्टाकडे नेली — मधल्या रस्त्याने, मधोमध. खुर्ची जड, फरसबंदीवर असा खडखडाट की झाडलोट करणाऱ्या बायका झाडू टेकून बघत राहिल्या. खांबाला पाठ लावून खुर्ची मांडली आणि बसले.

पहिला घोळका आला. छत्रीवाल्याचा चेहरा बघण्यासारखा. "ताई, जरा बाजूला होता का? फोटो —"

"होणार नाही."

"म्हणजे?"

"इथे माझ्या वडिलांना मारलंय. ह्या जागी फोटो काढायचा नाही. बाकी सगळीकडे काढा."

एक जण म्हणाला, आम्ही तिकीट काढलंय. म्हटलं, मीही काढलंय, मला बसायचंय. बसायला बंदी असल्याचा बोर्ड दाखवा, उठते. बोर्ड कुठून दाखवणार!

थोड्या वेळाने मॅनेजरीणबाई आल्या. पस्तिशीची पोरगी, गळ्यात ओळखपत्र, डोळ्यांखाली काळं. आधी नीट बोलली. वाईट वाटलं म्हणाली. मग म्हणाली, "पण मॅडम, तुम्हाला एक सांगू का? हा तो खांब नाहीच. मूळचा कधीच जळणात गेला. हा आम्ही एका शूटिंगसाठी सुताराकडून करून घेतला होता. छान दिसला म्हणून ठेवला."

तिला वाटलं, हे ऐकून मी उठेन.

क्षणभर मला वाटलंही तसं. पाठीमागचं लाकूड एकदम हलकं झाल्यासारखं. म्हणजे मी कशाला टेकून बसलेय? नाटकाच्या सामानाला? आणि मग असा संताप आला!

"म्हणजे खरा नव्हता, तरी केलात? जुना असता तर म्हणाला असतात, इतिहास आहे, काय करणार. तो तर कोणीतरी चुलीत घातला. बरं केलं! आणि तुम्ही सुतार बोलावून, माप देऊन, रंग लावून पुन्हा उभा केलात! हौसेने! कशाला?"

"लोकांना आवडतो," एवढंच म्हणाली, तेही खाली बघून.

संध्याकाळपर्यंत बसले. उन्हाने नाक सोलून निघालंय. ताई दिवसभर खोलीतून बाहेर आली नाही.

घरी फोन केला. हे म्हणाले, "तिथेही भांडलीस?" मग सगळं सांगितलं. मग म्हणाले, "टोपी घालून बस."

१४ मार्च

आज पोलीस! एक बाई शिपाई, मोटारसायकलवरून. मॅनेजरीणबाईंनी नाही, त्यांच्या वरच्यांनी पाठवली म्हणे. आली, हेल्मेट काखेत, माझ्याकडे बघितलं, खांबाकडे बघितलं.

"काय तक्रार आहे?"

"ह्या बसल्यात," छत्रीवाला म्हणाला.

"बसल्यात म्हणजे काय करतात?"

"बसल्यात."

"कोणाला शिव्या? धक्काबुक्की?"

"नाही. बसल्यात फक्त."

बाई खांबाजवळ आली. कडी हाताने हलवून पाहिली. मला म्हणाली, "मावशी, सावलीत तरी सरका." म्हटलं, सरकले तर फोटो सुरू होतील. ती छत्रीवाल्याकडे वळली. "ती छत्री नुसती मिरवायला आहे का? द्या त्यांना." आणि गेली!

छत्री मिळाली. छत्रीवाला आज नुसताच वाला.

सगळे माझ्या बाजूचे झाले असं मात्र नाही. एक आडदांड गृहस्थ माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "शंभर वर्षांपूर्वीचं उकरून काय मिळतं तुम्हाला?" शंभर नाही, म्हटलं. आम्ही आमच्या बापाला तिरडीवर पाहिलंय, इतकं जवळचं आहे. "मग सूड घेणार?" म्हटलं, सूड घ्यायला कोणी शिल्लक आहे का इथे? मी फक्त म्हणतेय, हसू नका. एवढं जड जातंय? तो काहीतरी पुटपुटत गेला. जाताना बायकोला म्हणाला, "डोकं फिरलंय." फिरलंयच. सरळ होतं तेव्हा कोणी विचारलं नव्हतं.

दुपारी मान वळवून बघते तर ताई! अंगणाच्या कमानीत, हातात थर्मास. तिथूनच म्हणाली, "चहा आणलाय. इकडे ये." म्हटलं, तू इकडे ये. बराच वेळ उभी राहिली. मग आली — कडेकडेने नाही, सरळ अंगण ओलांडून. माझ्या शेजारी जमिनीवरच बसली. मी खुर्चीतून उठून खाली बसले. दोघी एका छत्रीखाली.

आणि तिथे तिने सांगितलं.

क्लबच्या मागे तलाव आहे — दगडी, चौकोनी, गोऱ्यांना पोहायला बांधलेला. बाबांचं काम तो घासायचं. पाणी सोडून द्यायचं, तळावर उतरून शेवाळ खरवडायचं, पुन्हा भरायचा. पाणी भरलं की मग जवळ जायचं नाही. एका भर उन्हाळ्यातल्या दुपारी तलाव काठोकाठ भरला होता, सगळे साहेब पंख्याखाली झोपलेले. बाबा पाण्यात उतरले. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहले. एका मडमेला झोप लागत नव्हती. तिने खिडकीतून पाहिलं.

"आईने विचारलं होतं त्यांना," ताई म्हणाली, "का उतरलात म्हणून. तर म्हणाले, रोज तळ बघायचो. म्हटलं, वर पाणी असताना कसं वाटतं ते एकदा बघावं."

"एवढंच?"

"एवढंच. आणि तलाव रिकामा केला त्यांनी त्याच दिवशी. सगळं पाणी सोडून दिलं. पुन्हा घासला, पुन्हा भरला."

फटक्यांचं ऐकून माझ्या डोळ्यात पाणी आलं नव्हतं. हे ऐकून आलं. पाणी सोडून दिलं!

आणि आम्हाला बाराखडीच्या आधी पोहायला शिकवलं त्यांनी. ताई बुडायची, रडायची, आई म्हणायची, पोरींना कशाला हवंय? बाबा ऐकायचे नाहीत. एरवी आईपुढे मान वर न करणारा माणूस ह्या एका गोष्टीत हटायचा नाही.

१५ मार्च

आधी लिहून ठेवते आणि मग केस पुसते. वहीवर थेंब पडतायत, पडू देत.

तलाव आता शोभेचा आहे. कडेने साखळी, पाटी — 'पाण्यात उतरू नये'. अजूनही! माणसं बदलली, पाटी तीच!

ताईला म्हटलं, चपला धर. म्हणाली, "अगं नको. गुडघे बघ तुझे." म्हटलं, पाण्यात गुडघे दुखत नाहीत. साखळी ओलांडली आणि अंगावरच्या कपड्यांनिशी उडी मारली. चांगली धप्पकन. सुळकी वगैरे आता जमत नाही.

गार! श्वासच थांबला. कपडे जड होऊन पायांत गुंडाळायला लागले. मग हात आपोआप चालायला लागले, बाबांनी शिकवलेले — पाणी कापायचं नाही, मागे सारायचं. शिट्टी ऐकू आली. रखवालदार काठावरून धावतोय माझ्याबरोबर, "बाहेर या! बाहेर या!" म्हटलं, येते की, टोकाला जाऊन येते! मध्येच एकदा बुडी मारली आणि खालून वर पाहिलं. हिरवा उजेड, हलणारा. काहीच ऐकू येत नव्हतं — शिट्टी नाही, साहेब नाही, कोणी नाही. ह्यासाठी मारलं त्यांना. ह्या एवढ्याशा शांततेसाठी.

टोकाला हात लावला आणि परत फिरले. ताई काठावर माझ्या चपला छातीशी धरून उभी. रखवालदार तिला म्हणत होता, सांगा ना तुमच्या बहिणीला! ताई म्हणाली, "ती ऐकत नाही. वडिलांवर गेलीय."

हे ताईने म्हटलं! मोठ्याने! चार लोकांत!

१५ मार्च, दुपार

खोली सोडायला सांगितलंय. आजच. सोडू की. पण मी निघाल्यावर पुन्हा फोटो सुरू होणार — मी काय जन्मभर बसणार आहे का तिथे? ते त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. बॅग भरताना हेच डोक्यात. हरल्यासारखं वाटत होतं. ताई कुठेतरी गेली होती.

शोधायला गेले तर ऑफिसात! काचेतून दिसलं — ताई खुर्चीत ताठ बसलेली आणि मॅनेजरीणबाई उभ्या. ताई बोलतेय, हळूच, नेहमीच्या आवाजात, आणि ती पोरगी हातातलं ओळखपत्र गोल गोल फिरवतेय. मी दार उघडणार होते. ताईने आतूनच हाताने खूण केली — थांब.

बाहेर आली. "कड्या काढतायत. आणि एक बोर्ड लावणार."

"काय सांगितलंस तू?"

"पाठ कशी होती ते सांगितलं. अंग पुसताना हाताला कसं लागायचं ते. म्हटलं, मी विनंती करायला आलेली नाही."

मी दोन दिवस उन्हात तळून निघाले, तलावात उडी मारली आणि हिने एका खुर्चीवर बसून काम फत्ते केलं! खूप हसले. ती नाही हसली.

निघताना मॅनेजरीणबाई फाटकापर्यंत आल्या. म्हणाल्या, "वरच्यांना काय सांगायचं ते मी बघते. मजकूर तुम्ही पाठवा. पण चारच ओळी हं. आणि पुन्हा आलात तर ओल्या कपड्यांनी आरामखुर्चीत बसू नका, कापड नवीन आहे." चांगली पोरगी आहे.

१६ मार्च

बसमध्येच मजकुराला बसलो आणि बसमध्येच भांडलो.

मी सांगितलं — 'क्लबच्या तलावात पोहल्याबद्दल गोऱ्या साहेबांनी आमच्या वडिलांना खांबाला बांधून मारले.' ताईने ते बदलून 'मारण्यात आले' केलं.

"मारण्यात आले म्हणजे? कोणी मारलं? वाऱ्याने?"

"तसंच बरं दिसतं."

"बरं दिसायला लावतोय का आपण बोर्ड? त्या लोकांनी तेच तर केलंय सगळ्या वसाहतीत! पंखे ओढण्यात आले, पाणी भरण्यात आलं, घोडे धुण्यात आले! माणसंच नाहीत कुठे! मग आपणही तेच करायचं?"

"धाकटे, राहू दे ना तसं."

"का पण?"

खिडकीबाहेर बघत बसली. स्टँडवर उतरल्यावर नुसती मान हलवून गेली. परवा एका छत्रीखाली बसलो आणि एका क्रियापदावरून बिनसलं.

१९ मार्च

मॅनेजरीणबाईंनी फोटो पाठवला. कड्या निघाल्या. खांबावर दोन भोकं उरलीयत. खांबही पुढच्या आठवड्यात काढणार, तिथेच बोर्ड. छत्रीवाल्याला नवी माहिती पाठ करायला दिलीय म्हणे. कुरकुरत का होईना, करतोय.

२२ मार्च

मजकूर पाठवला. माझाच. 'गोऱ्या साहेबांनी मारले.' ताईला कळवलं. तिने फोन उचलून ऐकलं आणि ठेवला. रुसू दे! मी माघार घेणार नाही. भित्रेपणा आहे हा दुसरं काही नाही — इतकी वर्षं झाली तरी साहेबाचं नाव घ्यायला जीभ रेटत नाही!

२६ मार्च

ताई न कळवता आली, भर दुपारी, शिकवणीच्या मैदानावर. माझ्या शेजारच्या सीटवरची मुलगी उतरली, ताई तिच्या जागी बसली. दार लावून घेतलं. म्हणाली, "साहेब स्वतः हात मळवत नसत. हुकूम द्यायचे. मारायला आपलाच माणूस असायचा. चौकीवरचा शिपाई."

"मग शिपायाचं लिहू. त्यात काय?"

"नाना होते."

नाना. आईचे वडील. मला खांद्यावर घेऊन बाजार दाखवणारे नाना.

"नाही म्हणाले असते तर त्यांनाच बांधलं असतं. त्याच संध्याकाळी ते मलम घेऊन बाबांच्या खोलीवर गेले. रोज जायचे. पाणी गरम करायला आईला बरोबर न्यायचे. तिथेच जमलं आईचं आणि बाबांचं." मग म्हणाली, "नाना कधी बाबांच्या मागून चालले नाहीत, आठवतं? कायम चार पावलं पुढे."

आठवतं. मला वाटायचं, सासरेपणा मिरवतात.

ताईला घरी सोडलं. गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि मॅनेजरीणबाईंना फोन केला. म्हटलं, बोर्ड रंगवायला देऊ नका. एक नाव राहिलंय.